दगडावर चढून मोजलेलं पाणी

त्या पोरीनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला अन् मी खुर्चीवरून उठून उभा राह्यलो. पडद्यावर आमचा सगळा भाग वरून दिसून राह्यलता. पैनगंगेचं वळण मी लगेच ओळखलं. अन् त्या वळणापासून फुलसावंगीकडे, ढाणकीकडे, जागोजागी लालभडक.

"म्याडम, आग लागली का जी?"

ती हासली. "काका, लाल म्हणजे हिरवं."

"मंग हिरवं म्हणजे काय?"

"ते नंतर सांगते. आधी बसा."

मी बसलो, पण बसल्यासारखं वाटलं नाही. सत्तरी जवळ आली माझी. लाल म्हणजे हिरवं हे पहिल्यांदा ऐकून राह्यलतो. ती म्हणे, उपग्रहाचा डोळा आपल्यासारखा नाही. झाडाच्या पानावरून एक उजेड परत येते, तो माणसाले दिसत नाही, त्याले दिसते. तो उजेड पडद्यावर दाखवाचा म्हणून हे लोक लाल रंग देतात. हा फोटो मे महिन्यातला होता. मे महिन्यात जिथं लाल, तिथं झाडाच्या मुळ्या पाण्याले टेकलेल्या. ज्या गोष्टीसाठी मी सायकलनं, बसनं, पायी फिरून चपला झिजवल्या, ते सारं तिच्या मांडीवर मावत होतं.

दिवाळी अंकवाल्यांनी मले सांगितलं, नोकरीतले अनुभव लिहा, भाषा आम्ही सुधारून घेऊ. मी म्हटलं, सुधाराची असन तर दुसऱ्याचं छापा. त्यांनी ऐकलं. म्हणून हे जसं आहे तसं आहे. चौथीत मी दोनदा बसलो अन् दोन्ही वेळा तिथंच राह्यलो. पण आकडा अन् सही या दोन गोष्टी माझ्या पक्क्या होत्या, अन् तेवढ्यावर मी पाण्याच्या हापिसात एकतीस वर्ष काढली.

काम काय होतं ते सांगतो. जिल्ह्यात काही ठराविक विहिरी यादीत असतात. त्यांचं पाणी वर्षातून चारदा मोजावं लागते. जानेवारी, मार्च, मे, अन् पावसाळा सरल्यावर. रीत साधी आहे. लोखंडी टेप, तिच्या टोकाले वजन. खालच्या चार-पाच फुटाले खडू चोळाचा. टेप विहिरीत सोडाची, वजन पाण्यात गेल्याचा आवाज आला की काठावर पूर्ण फुटाचा आकडा धराचा अन् टेप वर ओढाची. जेवढा खडू ओला झाला तेवढं त्यातून वजा. उरलं ते पाणी किती खोल आहे त्याचं माप. ऐकाले सोपं वाटते. पण वारा असला की टेप डुलते, विहिरीच्या बाहेर आलेल्या दगडाले अडकते, अन् आत पारवे असले की फडफड करत तोंडावरून उडतात अन् माणूस हातातला आकडा विसरते. मी नाही विसरलो.

रुजू झालो त्या दिवशी माझ्या पहिल्या साहेबानं मले एकच गोष्ट शिकवली होती. "काठापासून पाण्यापर्यंत. इकडचं तिकडं व्हायला नको." मी ते देवाच्या नावासारखं धरून ठेवलं.

लोकही तऱ्हेतऱ्हेचे भेटले. दिग्रसकडच्या एका पाटलाची विहीर यादीत होती. गावात टंचाई जाहीर व्हावी म्हणून मी येणार त्या दिवशी त्यानं पहाटेपासून मोटर चालू ठेवली. मी पोचलो तर विहिरीच्या भिंती ओल्या अन् पाणी तळाशी. मी लिंबाखाली बसलो, डबा खाल्ला, डोळा लावला. चार वाजता पाटील आला.

"काय गा, मोजत काहून नाही?"

"भिंती ओल्या हायेत पाटील. वाळू द्या. वाळल्या का मोजतो."

"भिंती मोजाले आला का पाणी?"

"पाणीच मोजाले आलो. थे घरी नाही सध्या."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं परत गेलो. पाणी आपल्या जाग्यावर आलतं. पाटील म्हणे, "तू लय आडमुठा हायेस बे." मी ते शाबासकी म्हणून घेतलं. आणखी एका गावात एक म्हातारी होती, मी टेप काढली की मीठ-मिरच्या घेऊन यायची. तिचं म्हणणं, मोजलं की पाणी आटते, नजर लागते. माझं झालं की ती विहिरीवरून मीठ-मिरच्या ओवाळायची. मी म्हणायचो, "बुढे, टेपवरूनही उतरव, तिले लय गावची नजर लागते." ती खरंच उतरवायची.

हे सगळं सांगाचं कारण एवढंच, की माझा आकडा म्हणजे माझा आकडा, हे हापिसात सगळ्यांले माहीत होतं. साहेब बदलले, बाबू बदलले, माझ्या वहीवर कोणी बोट ठेवलं नाही. म्हणून रिटायर होऊन काही वर्ष झाल्यावरही हापिसातून फोन आला. नवीन नकाशा बनवून राह्यले, पाणी जमिनीत कुठं मुरवता येईन त्याचा. विहिरी कुठं कुठं आहेत ते दाखवाले माणूस पाहिजे. तुमच्याशिवाय कोणाले सगळ्या माहीत नाहीत.

अन् ती पोरगी. प्रणाली तिचं नाव. दिग्रसची, बाप जिनिंगमध्ये कामाले. दगडमातीचं शिक्षण घेऊन कंत्राटावर लागलेली. साहेबासमोर शुद्ध बोलायची, गाडीत बसली की आपल्यासारखी. मी पहिले दोन दिवस म्याडम म्हटलं, तिसऱ्या दिवशी ताई म्हणाले लागलो. ती मले पहिल्यापासून काका म्हणे.

"ताई, वरून पाणी दिसते का?" मी पहिल्याच फेरीत विचारलं. माझ्या मनात होतं, ही म्हणन दिसते, अन् मी हासीन.

"पाणी नाही दिसत काका. उतार दिसते, माती दिसते, नाले दिसतात. त्याच्यावरून पाणी कुठं थांबन अन् आत शिरन ते काढाचं. हरेक जागेले गुण द्याचे. उतार कमी तर गुण जास्त. चिकण काळी माती असली तर पाणी आत जात नाही, गुण कमी. मुरूम असला तर जास्त. नाले दाट असले तर पाणी पळून जाते, गुण कमी. खालच्या काळ्या खडकात भेग असली तर सगळ्यात जास्त, कारण आपल्याकडे पाणी खाली जाते थे भेगीतूनच. हे सगळे थर एकावर एक ठेवाचे, पोळ्या ठेवल्यासारखे, अन् बेरीज कराची."

"म्हणजे परीक्षा हाय."

"हाव, परीक्षाच."

"नापास किती?"

"आपल्या भागात बम नापास हायेत काका."

"मंग मले त्यातलाच समज."

आता ज्या दोन गावांची गोष्ट सांगतो, त्यांचं नाव लिहीत नाही. फुलसावंगीच्या बाजूले एक नाला आहे. नाल्याच्या वर टेकडीच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा. नाल्याच्या खाली, सपाट काळ्या जमिनीत, मोठं गाव. वरचा तांडा अन् खालचं गाव, एवढं लक्षात ठेवा. पाझर तलाव एकच मंजूर होणार होता, अन् तो या दोघांपैकी एकाले.

तांड्याची विहीर होळीच्या आत आटते. मग बायका हांडे घेऊन खालच्या गावात उतरतात. तांड्यानं याआधी दोनदा अर्ज केला होता, दोन्ही वेळा नाव कटलं. प्रणालीच्या नकाशात मात्र तांड्याखालची जागा गर्द निळी निघाली. गर्द निळी म्हणजे पहिला नंबर. तिनं पडद्यावर एक सरळ रेघ दाखवली, टेकडीच्या मागून येऊन नाल्याले कापून जाणारी.

"ही खडकातली भेग हाय. इथं पाणी अडवलं तर सरळ खाली उतरन, अन् तांड्याच्या हिरीले लागन."

मी रेघेकडे पाहत राह्यलो. त्या रेघेवर शिंदीची अन् उंबराची झाडं एका ओळीत उभी आहेत. ते मले माहीत होतं. फेऱ्या मारता मारता एका उन्हाळ्यात माझ्या ध्यानात आलतं, की बाकी टेकडी वाळून गेली तरी ती एक ओळ हिरवी राहते. मी कोणाले सांगितलं नव्हतं. एखाद्या साहेबानं विचारलं असतं तर सांगितलं असतं, कोणी विचारलं नाही. अन् आभाळात फिरणाऱ्या त्या डब्यानं एका फोटोत सांगून टाकलं.

"हे तुले कोणं सांगितलं?" मी जरा जोरातच बोललो.

"कोणी नाही. दिसते ना."

आम्ही तांड्यावर गेलो. गमलीबाई नावाची एक बाई आहे तिथं, माझ्याच वयाची, तांड्याचं सगळं बोलणं तीच करते. तिनं प्रणालीच्या हातातला टॅब्लेट पाह्यला, त्यातला आपला तांडा पाह्यला, मग मले विचारलं, "भिया, औंदा तरी होईन का?"

मी म्हटलं, "मी मोजणारा माणूस हाव बाई. होणं न होणं साहेबाच्या हातात."

मग हापिसात मीटिंग झाली. मले मागच्या खुर्चीवर बसवलं होतं, चहा दिला. साहेबानं प्रणालीचा नकाशा भिंतीवर लावला अन् बाजूले खालच्या गावातल्या विहिरीचे आकडे लावले. माझे आकडे; मी रिटायर झाल्यावर त्या जागेवर कोणी आलं नाही, म्हणून शेवटचेही माझेच. एका वर्षापासून रेघ एकदम खाली उतरलेली.

"नकाशा म्हणतो, खालच्या गावात पाणी वरच आहे, तिथं मुरवायला जागा नाही," साहेब म्हणाले. "विहीर म्हणते, पावसाळा झाल्यावरही पाणी अकरा फुटांवर. दहाच्या आत असतं तर मी मानलं असतं. उलट पाणी घसरलंय. आणि गाव मोठं आहे. तलाव खाली द्यायला हवा."

"सर, पण मे महिन्यात तिथं सगळं हिरवं आहे," प्रणाली म्हणे. "पाणी खोल गेलं असतं तर—"

"उपग्रह चुकू शकतो. टेप चुकत नाही." अन् साहेबानं माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी मागं वळून पाह्यलं.

प्रणालीनंही पाह्यलं. "काका, हे सगळे आकडे तुमचेच ना?"

"एकूण एक. एक फेरी चुकली नाही."

खरं लिहितो. माझी छाती फुगली होती. तांड्याचं नाव तिसऱ्यांदा कटलं, ते मले कळलं होतं. तरी घरी जाताना माझ्या मनात तांडा नव्हता. उपग्रह हारला अन् माझी टेप जिंकली, एवढंच होतं. मी पानठेल्यावर दोघा-तिघांले सांगितलंही.

प्रणाली मात्र ऐकेना. तिनं साहेबाच्या मागं लागून एक फेरी मागून घेतली. फाईल सोमवारी वर जाणार होती, त्याच्या आत एकदा विहीर डोळ्यानं पाहून येते म्हणे. पावसाळा सरलाच होता. आम्ही दोघं खालच्या गावात गेलो.

विहीर गावाच्या कडेले, नाल्याजवळ. काठ उंच, सिमेंटचा, रंग दिलेला, त्याच्यावर पंचायतीच्या लोकांची नावं. मी पिशवीतून टेप काढली, खडू चोळला. विहिरीशी एक चपटा दगड पडून असते, तो पायानं सरकवला अन् त्याच्यावर चढलो.

"काका, दगडावर कायले चढले?"

"काठ उंच हाय ना. हात पुरत नाही."

"पहिलेपासून उंच होता?"

"नाही व. नाल्याचा पूर शिरलता हिरीत. मंग पंचायतीनं वाढवला. चांगला बांधला."

"कवा?"

मी वर्ष सांगितलं. तिनं टॅब्लेटमध्ये विहिरीच्या रजिस्टरचं पहिलं पान काढलं. जुन्या अक्षरात लिहिलेलं पान, त्याचा फोटो.

"इथं लिहिलंय, कठडा दोन फूट."

"असन."

"काका, तुमी काठापासून मोजता. हापिसात बाबू त्याच्यातून दोन फूट कठडा वजा करते, तवा जमिनीपासून किती थे निघते. हिशोब जमिनीपासूनचा असते. काठापासूनचा नाही." मग म्हणे, "हा कठडा किती हाय?"

तिनं माझ्या हातातून टेप घेतली. माझ्या हातातून टेप आजपर्यंत कोणी घेतली नव्हती. तिनं टोक जमिनीवर ठेवलं, वर ओढलं.

"पाच."

वारा नव्हता. तिकडं कोणाची तरी मोटर चालू होती, तिचा आवाज येत राह्यला.

"तीन फूट," ती म्हणे. "पाणी तीन फूट उतरलंच नाही काका. काठ तीन फूट चढला."

मी दगडावरच उभा होतो. खाली उतराचं सुचलं नाही. पायाखाली पाह्यलं तर दगड गुळगुळीत झालेला, माझ्याच चपलांनी. वर्षातून चार वेळा मी तो दगड सरकवत होतो, त्याच्यावर चढत होतो, टेप सोडत होतो, उतरत होतो. ज्या माणसानं पाटलाची मोटर पकडली, त्या माणसाच्या पायाखाली दगड होता अन् त्याले समजलं नाही. काठ म्हणजे काठ. तो वर गेला तर मीही वर गेलो.

मग मले राग आला. "तुमच्या बाबूनं पाहाले नको होतं का? वजा त्यानं केलं का मी?"

"बाबूचंही चुकलं. पण बाबू इथं कधी आला नाही. तुमी आलते."

आम्ही पाणी मोजलं. जमिनीपासून आठ फूट. मुरवाले जागाच नव्हती तिथं. तलाव झाला असता तर खालच्या जमिनी चिबाडल्या असत्या, पाणी वर येऊन पिकाच्या मुळ्या सडल्या असत्या. नकाशा बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

गाडीत बसल्यावर मी पहिलं वाक्य बोललो ते हे, अन् ते लिहाले लाज वाटते, तरी लिहितो. "ताई, हे कोणाले सांगू नोको."

ती खिडकीबाहेर पाहत होती. "मी नाही सांगत. तुमी सांगा."

"अन् नाही सांगितलं तर?"

"तर सोमवारी फाईल वर जाईन. तलाव खाली होईन."

घरी येऊन मी जेवलो नाही. पेटीतून माझ्या खाजगी वह्या काढल्या. हापिसची वही वेगळी, ह्या माझ्या. फेरीतलं जे वाटन ते दोन ओळीत लिहाचो. ते वर्ष सापडलं. माझ्याच हातचं अक्षर: "काठ नवा केला. मजबूत. सरपंचानं नारळ फोडला, पेढा दिला. पाणी उतरलं." एका खाली एक. काठ नवा केला अन् पाणी उतरलं, दोन्ही माझ्या हातानं लिहिलेलं, एकाच पानावर, एकाच दिवशी. मी ते पान किती वेळ पाहत बसलो ते सांगता येत नाही. बायको येऊन विचारून गेली, कोणी गेलं का म्हणून.

रविवारचा सारा दिवस मी स्वतःशी भांडलो. मले कोणी सांगितलं होतं का, जमिनीपासून मोज म्हणून? नाही सांगितलं. साहेब म्हणाले काठापासून, मी काठापासून मोजलं. चूक कुठं आहे? सगळं भांडण मी जिंकलो. तरी सोमवारी सकाळी पहिल्या बसनं यवतमाळले गेलो.

साहेबानं ऐकून घेतलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "काका, तुमचं वय झालं. नावाला डाग कशाला लावून घेता? मी बघतो काहीतरी."

"काय पाहान साहेब?"

"आकडे दुरुस्त करायचे तर लेखी लागतं. त्यात तुमचं नाव येईल."

"येऊ द्या. आकडे माह्या नावानं हायेत, चूक दुसऱ्याच्या नावानं कशी लिहता?"

साहेबानं बाबूले बोलावलं. बाबूनं कागद टाइप करून आणला, सही करा म्हणे. त्यात एक शब्द होता, मले वाचाले अवघड गेला. अनवधानाने.

"याचा अर्थ काय होते?"

"लक्ष नसताना," बाबू म्हणे. "तुमच्या फायद्याचंच लिहिलं आहे."

"हे खोडा. लक्ष होतं माझं. लक्ष देऊन चुकलो."

बाबू साहेबाकडे पाहाले लागला. साहेबानं मले कोरा कागद दिला. मी स्वतः लिहिलं. अर्धा तास लागला. "मी काठापासून मोजलं. काठ वाढला ते मी पाह्यलं होतं. जमिनीपासून हिशोब असतो हे मले कोणी सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही." खाली सही केली. एवढ्या वर्षांत कितीक सह्या केल्या, ही सर्वात वाकडी आली.

फाईल फिरली. खालच्या गावच्या सरपंचाचा फोन आला. "वा भाऊ. आमचा पेढा खाल्ला अन् आमचाच तलाव पळवला." मी म्हटलं, तुमच्या वावरात पाणी फुगलं असतं तर मले शिव्या दिल्या असत्या. तो म्हणे, शिव्या तर आताही देऊन राह्यलो. अन् दिल्या. मी फोन कानाले लावून सगळ्या ऐकल्या.

तांड्याचं नाव यादीत आलं. काम औंदा दिवाळी झाल्यावर सुरू होईन म्हणतात. होईन तवा खरं.

तांड्यावर जाऊन आपण सांगावं, हे माझ्या मनात रोज येई अन् मी रोज टाळे. हिवाळा गेला, होळी गेली. प्रणालीनं मे महिन्याच्या फेरीले बोलावलं तवा मले नाही म्हणता आलं नाही. गमलीबाई आपल्या दारात बसली होती. मी बसलो अन् सगळं सांगितलं, दगडापासून सहीपर्यंत. तिनं मधात एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे पहिलेच्या दोन टायमालेही, आमचं नाव कटलं थे यानंच?"

हा विचार मी केला नव्हता. खरंच केला नव्हता. तिनं विचारला तवा मी मनात वर्ष मोजली. दोन्ही अर्ज काठ वाढल्याच्या नंतरचे. दोन्ही वेळा खालच्या गावच्या विहिरीचे आकडे आडवे आलते.

"हाव," मी म्हटलं.

"मधात आमी दोन्ही बैल इकले, भिया. पाजाले पाणी नव्हतं म्हणून. खायाले होतं. पाणी नव्हतं."

प्रणालीनं मान खाली घातली. गमलीबाई उठली.

"आमची हीर मोजली का तू कधी?"

मोजली नव्हती. तांड्याची विहीर यादीत नव्हतीच. नाल्याची म्हणून जी एक विहीर धरली होती ती खालच्या गावची, रस्त्यावरची, गाडी जाते तिथली. एकतीस वर्ष, वर्षातून चारदा, मी या तांड्याच्या खालून गेलो. बायका हांडे घेऊन उतरताना दिसल्या, मी बाजूले होऊन त्यांले वाट दिली. आभाळातून जाणाऱ्या यंत्रानं ही जागा पाह्यली, अन् मी वर चढून विहिरीत वाकून पाह्यलं नाही.

"यादीत नव्हती बाई."

"चाल मंग. आता आलाच तर मोज."

विहीर तांड्याच्या मागं. तिले बांधलेला कठडा नाही, जमिनीतच तोंड, वर दोन लाकडं आडवी टाकलेली. मी गुडघे टेकून बसलो. खडू चोळला. टेप सोडली. आजूबाजूले बायका, लेकरं जमली होती. मी पाण्याच्या आवाजाची वाट पाहत होतो. वजन टणकन दगडावर आपटलं.

टेप वर ओढली. खडू कोरडा, चोळला तसाच्या तसा.

"कितीक?" गमलीबाईनं विचारलं.

"अडतीस फूट. तळ लागला." मग पाणी नाही हे तिच्या बोलीत म्हटलं, "पाणी छेनी."

"थे मले टेपबिना माहीत हाय," ती म्हणे. "लिहून घे. तुमाले माहीत नव्हतं."

प्रणालीनं टॅब्लेट पुढं केला. मी नको म्हटलं, वही काढली, तारीख टाकली अन् लिहून घेतलं. त्या विहिरीचा तो पहिला आकडा.